ज्येष्ठमधाची काडी

"सूर दिलाय गं, उचल की आता!" विजूमावशी पेटीची पट्टी दाबून बसल्या होत्या. आई गेल्यापासून दत्तमंदिरातल्या भजनाची सुरुवात कुणीच केली नव्हती. आज मावशींनी वृंदाला आईच्या जागेवर बसवलं होतं. पण ओळ उचलण्याऐवजी तिने मांडीवरची आईची पर्स उघडली.

डोळे पुसायला तिने पर्समधला रुमाल काढला. त्याच्या टोकाला गाठ होती आणि गाठीत ज्येष्ठमधाची अर्धी काडी. गाण्याआधी आई ती घशासाठी चघळायची, मग पुन्हा बांधून ठेवायची. काडीवर तिच्या दातांच्या खुणा तशाच होत्या. चघळली तर त्याही पुसल्या जाणार.

"बघत काय बसलीस? गळ्यासाठी ठेवलीय तिने, देव्हाऱ्यासाठी नाही," मावशी म्हणाल्या.

वृंदाने आईचं उष्टं टोक तोंडात धरलं. आधी नुसतं लाकूड लागलं. मग कुठूनतरी, अगदी सावकाश, गोडवा झिरपू लागला. समईच्या ज्योती लांबट झाल्या, झांजा दूर गेल्या. लहानपणी आईच्या मांडीवर पेंगताना जो सूर कानाआधी पाठीला कळायचा, तोच आता आतून वर चढत आला. तिने काडी गालात सरकवली आणि गायला सुरुवात केली.

"पुढच्या गुरुवारी वेळेवर ये," पेटी मिटताना मावशी नाक ओढत म्हणाल्या.

खुणा पुसट झाल्या होत्या. वृंदाने काडी रुमालात बांधली, पण गाठ सैलच ठेवली. गुरुवारी ती सहज सुटायला हवी होती.