मागचं सारं पुसट

"या माणसाला आधी वळणावरून काढा, मग माझ्याशी बोला," असं म्हणत फोटोवाल्या काकूंनी कॅमेरा पंचांच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच.

पंचांची खोली म्हणजे ट्रॅकच्या कडेची पत्र्याची शेड. तापलेल्या रबराचा वास तिथेही पाठ सोडत नव्हता. टेबलामागे मुख्य पंच, भिंतीला टेकून झेंडेवाला, आणि दारात काकूंची लेक, अजून शर्यतीच्या सुटातच. तिला सगळा ट्रॅक भिंगरी म्हणायचा. भिंगरी मोटरसायकलींच्या शर्यतीत पहिली आली होती आणि घाम वाळायच्या आत तिचा नंबर काढून घेतला होता. आरोप असा, की शेवटच्या फेरीत पिवळा झेंडा हलत असताना तिने वेग कमी केला नाही, वर एकाला मागे टाकलं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, हळू व्हा, कुणाला ओलांडू नका. भिंगरीचं म्हणणं एकच, झेंडा नव्हताच. नंबर राहिला तर मोठ्या संघात जागा होती. गेला तर पुन्हा गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्या पुसणं.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्या वेळी त्या त्याच वळणावर उभ्या होत्या, ट्रॅकच्या अलीकडे, झेंडेवाल्याच्या अगदी समोर. पुढे एक पोरगा गाडीवरून पडून रस्त्यातच विव्हळत होता. भिंगरीने ऐन वेळी गाडी वळवली म्हणून तो वाचला. आणि ज्याचं कामच सावध करायचं, तो आता साळसूदपणे म्हणतो, मी झेंडा हलवत होतो! आपण झोपा काढायच्या आणि खापर एका पोरीच्या डोक्यावर फोडायचं. तिच्या जागी मुलगा असता तर यांची जीभ रेटली असती का, हेही काकूंनी विचारून घेतलं. मागच्या शर्यतीत झेंडेवाला खुर्चीत बसून जांभया देत होता, तेही उकरून काढलं.

झेंडेवाला वाद घालणाऱ्यातला नव्हता. "काकू, मी तुमच्या डोळ्यांसमोर होतो," एवढंच तो म्हणाला.

"माझ्या डोळ्यांचं तुम्ही मला सांगू नका. त्या वळणावर मी माझ्या लेकीवरून नजर ढळू दिलेली नाही."

पंच नरमले. काकूंचे केस काळे होते तेव्हापासून ते त्यांना ओळखत होते. काकूंचे यजमान शर्यतीत उतरायचे आणि काकू रोलच्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढायच्या. लांबलचक लेन्स घ्यायची ऐपत नव्हती. मग नवऱ्यानेच युक्ती शिकवली. पाय रोवायचे, कोपरं अंगाशी धरायची, गाडी दिसली की कमरेतून तिच्याबरोबर वळत जायचं आणि बटण दाबल्यावरही थांबायचं नाही. म्हणजे पळणारी गाडी रेखीव उमटते आणि जागच्या जागी उभं असलेलं सगळं जग मागे पट्ट्यापट्ट्यांनी वाहून जातं. याला पॅनिंग म्हणतात हे काकूंना पुष्कळ उशिरा कळलं. पुढे नवरा गेला, रोल गेले, जुन्या बाजारातला डिजिटल कॅमेरा आला. वळणं मात्र कमरेतूनच राहिलं. तोंडाने त्या फटकळ होत्या, पण खोट्या नव्हत्या, हे पंचांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून पंच म्हणाले, तुम्ही सगळ्यांदेखत सांगा की झेंडा नव्हता. मी नंबर परत देतो आणि यांना आजपासून घरी बसवतो.

झेंडेवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सांगते की, काकू म्हणाल्या, आणि नुसतं सांगत नाही, पोरगी कशी चालवत होती तेही दाखवते. त्यांनी कॅमेरा उचलून शेवटच्या फेरीचा फोटो पडद्यावर आणला. भांडणाच्या नादात तो त्यांनीही अजून पाहिला नव्हता. इतका नितळ फोटो त्यांच्या हातून जन्मात निघाला नव्हता. चाकांचे आरे विरघळून तबकडी झालेले, टाकीवरचा ओरखडान् ओरखडा स्पष्ट, कोपऱ्यात मागे पडणाऱ्या गाडीचं पुढचं चाक. राग क्षणभर बाजूला ठेवून त्यांनी लेकीचा चेहरा बघायला फोटो मोठा केला.

चेहरा नव्हता. हेल्मेटची मागची बाजू होती. भरधाव वळणात पोरीने मान रस्त्यावरून पार पलीकडे फिरवली होती. आणि पलीकडे, कुंपणाच्या करड्या पट्ट्यांमधून, एक पिवळाजर्द पट्टा ओढला गेला होता.

काकूंनी आधीच्या फेरीचा फोटो पाहिला. मागे नुसतं करडं. पोरीची नजर समोर रस्त्यावर.

"आई, फोटो कशाला?" दारातून भिंगरी घाईने म्हणाली. "तुझ्या फोटोत मागचं काही दिसत नाही. तू तोंडीच सांग ना."

काकूंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. भिंगरीने हातमोजा ओढून घट्ट केला, मग उगाच सैल केला.

काकूंचा अंगठा फोटो पुसायच्या बटणावर जाऊन थांबला. पंच हात पुढे करून वाट बघत होते. त्यांच्या हाताला वळसा घालून काकू भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी कॅमेरा झेंडेवाल्यासमोर धरला.

"हा पिवळा पट्टा म्हणजे तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीने तुम्हाला पाहिलं होतं. पाहिलं नाही ते मी."