लांब होणारी दांडी

"तो कोपरा राहू द्या," क्यूनेलबाई म्हणाल्या. "तो मी करीन."

"कशानं? पुन्हा खुर्चीवर चढून?" पात्झिग म्हणाले. "काल खुर्ची मोडलीत. आज पाय मोडाल."

त्यांनी दांडीचा पीळ सैल केला, आतली नळी हातभर बाहेर ओढली, पुन्हा घट्ट केली आणि टोकाचा रोलर पांढऱ्या रंगात बुडवला. जमिनीवर उभं राहून छत रंगवता येईल अशी ती ॲल्युमिनियमची दांडी त्यांनी वरच्या मजल्यावरून आपणहून आणली होती. जर्मनीतल्या हाले शहरात भाड्याचं घर सोडायचं तर ते पांढरं करून द्यावं लागतं, आणि क्यूनेलबाई नदीकाठच्या नव्या घरी राहायला चालल्या होत्या. दारातली रंगाची बादली पाहून त्यांनी विचारलं आणि थोड्याच वेळात दांडी घेऊन ते हजर झाले. मदत नको म्हणायला काही कारण लागतं. क्यूनेलबाईंकडे कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

ते त्या कोपऱ्यात होतं. बाईंच्या आरामखुर्चीच्या बरोबर वर छताला गोल खड्डे पडले होते. झाडूच्या दांड्याच्या टोकाएवढे, एकाशेजारी एक, काही एकावर एक. संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या की वर पात्झिग टेबलाशी खुर्ची ओढत. लाकडी जमीन किंचाळे. क्यूनेलबाई झाडू उलटा धरून छतावर ठोकत. लगेच वरून उत्तर येई. तीन ठोके, सावकाश. माणूस डिवचतो आहे, याबद्दल बाईंना कधी शंका वाटली नाही. अशी वर्षं गेली. जिन्यात भेटले की दोघं एकमेकांना 'गुटन टाग' म्हणत आणि वाट देत. तोंडावर कोणी काही बोललं नाही.

खड्डे बुजवायला बाईंनी लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा आणून ठेवला होता. तो अजून उघडलाही नव्हता.

रोलर कोपऱ्यात पोचला. रंगानं खड्डे झाकले जातील, ही बाईंची शेवटची आशा होती. झालं उलटंच. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. ओल्या पांढऱ्यात एकेका खड्ड्याची कड सावली धरून उठून दिसू लागली.

पात्झिग थांबले. दांडी खाली घेऊन त्यांनी बाहीनं चष्मा पुसला. काचेवरचा रंग आणखी पसरला.

"हे काय आहे?"

"आधीपासूनच आहे ते," क्यूनेलबाई म्हणाल्या. "आधीच्या भाडेकरूंचं."

"नाही. हे झाडूचं आहे."

बाईंचे कान तापले. त्यांनी खसखशीच्या केकची ताटली उचलली आणि होती तिथेच परत ठेवली. पात्झिग प्लॅस्टिक टाकलेल्या आरामखुर्चीत बसले आणि मान मागे टाकून वर बघत राहिले.

"म्हणजे इथून," ते म्हणाले. "मला वाटायचं, स्वयंपाकघरातून."

बाईंनी केकवर झाकण घातलं.

"हेडविगला पुरून आलो, सगळे आपापल्या घरी गेले," पात्झिग म्हणाले. हेडविग त्यांची बायको. "संध्याकाळी टेबलाशी बसलो. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. घरात बोलायला कोणी नाही, तर ऐकायचं काय? आणि पायाखाली टकटक. पहिल्यांदा वाटलं, नळाचं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी परत, त्याच वेळेला. मग कळलं. खालच्या क्यूनेलबाई. जिन्यात लाजतात, पण विसरत नाहीत."

"अहो, ते..."

"यंत्र नसलं की कानाला काही कळत नाही माझ्या. तळपायांना कळतं. म्हणून मीही काठीनं तीनदा वाजवायचो. पोचलं, आभारी आहे. एखाद्या दिवशी तुमची टकटक आली नाही, तर उठून पुन्हा खुर्ची ओढायचो. म्हटलं, बसलो ते खाली कळलं नसेल."

ते दिवस क्यूनेलबाईंना चांगले आठवत होते. तापानं फणफणलेल्या, उशीत डोकं खुपसून त्या पडल्या होत्या, आणि वर खुर्ची पुन्हा पुन्हा ओढली जात होती. म्हातारा मरत का नाही, असं तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या.

"माझा हात फार जोरात लागायचा," त्या म्हणाल्या. याहून जास्त त्यांना जमलं नाही.

"लागायलाच हवा. नाही तर मला कळलं कसं असतं?"

लांबीचा डबा पात्झिगांनीच शोधून काढला. डबा मांडीवर धरून ते म्हणाले, "माझ्यासारख्या ट्रॅम चालवणाऱ्याला वर बघायची सवय नसते, असं हेडविग म्हणायची. तुम्ही सांगा कुठे." पात्याचं हत्यार त्यांनी दांडीच्या टोकाला चिकटपट्टीनं बांधलं आणि बाई खाली उभ्या राहून एकेक खड्डा दाखवत गेल्या. डावीकडे. अजून थोडं. तो राहिला. एकही सुटला नाही. लांबी वाळेपर्यंत दोघांनी कॉफी घेतली. मग पात्झिगांनी कोपऱ्यावरून पुन्हा रोलर फिरवला.

छत स्वच्छ झालं.

जाताना त्यांनी रोलर काढून धुतला. दांडी ओल्या फडक्यानं पुसली, नळ्या आत सारून आखूड केली आणि बांधून ठेवलेल्या खोक्यांना टेकवून ठेवली.

"तुमची राहिली," बाई म्हणाल्या.

"असू द्या तुम्हाला. नदीकाठची घरं जुनी, छतं उंच. झाडू पोचायचा नाही." दारात ते वळले. "तिथं वर कोण राहतं?"

क्यूनेलबाईंनी दांडी हातात घेतली. अजून ओली होती.

"अजून ओळख नाही झाली," त्या म्हणाल्या.

"होईल," पात्झिग म्हणाले आणि कठड्याला धरून जिना चढू लागले.

नवं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. तसंच हवं, म्हणून बाई दोन वर्षं थांबल्या होत्या.