अर्ध्या तासाचं काम

मुलीने गिटार टेबलावर ठेवली आणि आधी तिची बदनामीच केली.

"दिसायला अगदीच भिकार आहे काका, पण आवाज गोड आहे. जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली. बऱ्याच हातांतून फिरलीये म्हणे. संध्याकाळी माझा पहिला कार्यक्रम आहे, तोवर हिला जरा माणसात आणाल का?"

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. गिटार इलेक्ट्रिक, निळी. मनगट घासून घासून एका कडेचा रंग उडाला होता आणि खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

"आणि ही गंमत बघा," मुलगी म्हणाली. "आवाज कमीजास्त करायचं बटण हरवलं, तर आधीच्या मालकाने चक्क टूथपेस्टचं झाकण बसवलंय! काय नग असेल ना?"

दुरुस्तीवाला हसला नाही. झाकण त्याच्या ओळखीचं होतं. त्याच्याच न्हाणीघरातलं होतं.

"त्रास काय देते?" त्याने विचारलं.

"इथं बोट दाबलं की झरझरते." मुलीने वायर जोडून तार छेडली. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज आला.

पडद्यामागे त्याची बायको गिटारच्या पिशव्या शिवत होती. शिलाई मशीन थांबलं.

हा आवाज या घराने रोज संध्याकाळी ऐकला होता. "बाबा, एवढं बघा ना," मुलगा म्हणायचा. "बघतो रे, आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे," हा म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाइकं खरी होती, त्यांची घाई खरी होती. घरची गिटार रांगेत सगळ्यात शेवटी, आणि रोज सकाळी तिच्या पुढे कुणीतरी नवं येऊन उभं राहायचं. पुढे पुढे मुलाने विचारणं सोडलं. तो त्या एका सुराला वळसा घालून वाजवू लागला. बापाला वाटलं, चला, भागतंय त्याचं. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि मुलगा गेला. गिटार भिंतीवर बघवेना, म्हणून त्यांनी ती त्याच्या मित्राला देऊन टाकली होती.

"ठेवून जा, उद्या ये," असं सवयीने दुरुस्तीवाल्याच्या ओठांवर आलं. ते त्याने गिळलं.

"बस," तो म्हणाला. "आत्ताच करतो."

त्याने तारा उतरवल्या. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांतली एक टोकाला किंचित वर आली होती. नखाच्या जाडीइतकीही नाही. तार तिलाच घासत होती. त्याने सांधीत डिंकाचा थेंब सोडला, छोट्या हातोडीने पट्टी खाली ठोकली आणि वरून लाकडाचा चाप लावला.

डिंक वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून त्याने ते झाकण ओढून काढलं आणि टेबलाचा खण उघडला. खण बटणांनी गच्च भरलेला होता. काळी, पांढरी, सोनेरी.

"अगं बाई, केवढी ही बटणं!" मुलगी वाकून बघू लागली. "त्या आधीच्या मालकाला तुमचं दुकान माहीतच नसणार."

दुरुस्तीवाल्याचा हात खणातच राहिला. मुलीनेच एक काळं बटण उचलून त्याच्यापुढे धरलं. ते त्याने बसवलं. वाकडं बसलं, म्हणून काढून पुन्हा बसवलं.

मग चाप सोडला, पट्टीवरून बारीक कानस फिरवली, फडक्याने पुसलं, नव्या तारा चढवल्या आणि गिटार मुलीच्या हातात दिली.

मुलीने त्याच जागी बोट दाबलं. सूर स्वच्छ निघाला आणि बराच वेळ खोलीत राहिला. तिने पुन्हा वाजवून बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं. अर्धा तासही झाला नव्हता.

"एवढंच होतं?"

दुरुस्तीवाला बोटांना लागलेला डिंक सोलत राहिला.

"एवढंच होतं," पडद्याजवळून त्याची बायको म्हणाली. गळ्यात मापाची टेप तशीच होती. ती मुलीकडे बघत नव्हती.

मुलीने आनंदाने गिटार पिशवीत घातली. दारातून वळून म्हणाली, "पुन्हा झरझरली तर आणू ना काका?"

"आण," तो म्हणाला. "कधीही आण. लगेच करून देईन."

मुलगी गेली. तो टेबलावरची धातूची भुकटी पुसायला लागला. बायको पुढे आली आणि तिने फडक्याच्या वाटेतलं झाकण उचलून मुठीत घेतलं.

"तुम्हाला विचारायचं त्याने का सोडलं, माहीत आहे?"

त्याने मान हलवली. माहीत नव्हतं.

"मला म्हणाला, बाबांना उगीच त्रास नको देऊस आई. गिटारला काही झालेलं नाही. माझंच बोट चुकतं."