एक पिशवी, त्रेचाळीस वेळा

“मावशी, तुमच्या एकाच पिशवीवर कुणीतरी त्रेचाळीस वेळा फोन धरलाय.”

मृण्मयीनं स्कूटी नीट लावलीसुद्धा नव्हती. सगुणाबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं. त्रेचाळीस वेळा? तांदूळच तो, त्यात एवढं बघायचं काय?

कोळवणच्या बायकांच्या गटाचा इंद्रायणी तांदूळ यंदा ‘ब्लॉकचेन’वर चढला होता. म्हणजे काय, ते तांदूळ विकत घेणाऱ्या कंपनीच्या ह्या मृण्मयीनं दिवाळीआधी दोन तास घसा कोरडा करून समजावलं होतं. बायकांनी त्यातून एवढंच उचललं, की पिशवीवरच्या चौकोनी शिक्क्यावर फोन धरला की भात कुणी लावला, कधी झोडपला, कुठं भरडला ते सगळं दिसतं. आणि एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही. सगुणाबाईला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट खात होती. खाणाऱ्याला आपण दिसतो, मग खाणारा आपल्याला का दिसू नये?

“लोक एकदा बघतात, फार तर दोनदा,” मृण्मयी म्हणाली. “इतक्यांदा म्हणजे शिक्क्याची नक्कल करून दुसऱ्याच तांदळाला चिकटवलीय, असं ऑफिसला वाटतंय. आज खुलासा गेला नाही, तर तुमचा सगळा माल यादीतून काढतील. आणि ती नोंदसुद्धा कायमची राहील.”

“म्हंजी आमी चोर?” ओट्यावर पेंढ्याची दोरी वळत बसलेला सगुणाबाईचा नवरा कोंडिबा तिथूनच गरजला.

“मी नाही हो म्हणत, काका. मशीन म्हणतंय.”

“मंग आखाडात हितं आन की त्या मशिनीला. चिखलात हुबी कर!”

सगुणाबाईनं सूप खाली ठेवलं. सगळ्या गटासमोर चोर ठरायचं, तेही कायमचं. पण म्हणून तिची चौकशी थांबेल तर शपथ. “कुटनं धरत्यात गं फोन?”

“नेरे गावातून. सगळेच्या सगळे.” मृण्मयीनं स्क्रीन वर सरकवली आणि तिच्याच कपाळाला आठी पडली. “अरेच्चा, फोनपण एकच दिसतोय. नक्कल असती तर दहा ठिकाणचे दहा फोन असते.”

“कवा धरत्यात?”

“रोज संध्याकाळी. साडेसातच्या सुमाराला.”

“सैपाकाच्या टायमाला,” सगुणाबाई पुटपुटली. “आन धरल्याव दिसतं काय? मला तर दाव.”

मृण्मयीनं कोपऱ्यातल्या पिशवीवर फोन धरला. पदर खोचून खाचरात उभी असलेली सगुणाबाई स्क्रीनवर आली, आणि लगेच तिचाच आवाज घुमला. ‘म्या सगुणाबाई. तांदूळ नवा हाय, पानी बेताचंच घाला. आन शिजल्याव लगीच झाकान काढू नगा. जरा दम धरा.’

“अगं बाई! माजा आवाज असला हाय व्हय?” ती तोंडाला पदर लावून खुदखुदली. मग हसता हसता तिची नजर आत चुलीकडं गेली.

हे काही तिनं पिशवीसाठी म्हणून शोधून काढलेलं बोलणं नव्हतं. वीस वर्षं चुलीपुढं ती एकाच उतावळ्या पोरीला हेच सांगत आली होती. आणि ती पोर रोज झाकण उघडून बघायचीच. तीन वर्षांपूर्वी त्या पोरीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. त्या दिवशी कोंडिबानं बजावलं, तिचं नाव ह्या घरात निघायचं नाही.

फोटोच्या खाली कुटुंबाची माहिती होती. मृण्मयीनं वाचली. पती कोंडिबा, मुलगा साहिल. संपलं. दिवाळीआधी हे कोंडिबानंच सांगितलं होतं, आणि सगुणाबाई शेजारी मूग गिळून बसली होती.

“मावशी, नेऱ्यात कोण आहे तुमचं?”

सगुणाबाईनं ओट्याकडं बघितलं. दोरी वळायची थांबली होती. कुणी नाही म्हटलं, तर कोंडिबाचा शब्द राहिला असता. तिला एकदम संताप आला. नवऱ्याचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

“माजी लेक हाय तितं,” ती खणखणीत म्हणाली. “शुभांगी. लिव्ह तुज्या खुलाशात. चोरबीर कुनी न्हाई. लेक आयीचा आवाज ऐकतीया.”

कोंडिबा उठून खाली आला. आता हा काय करतो, म्हणून सगुणाबाई पिशवीपुढं आडवी उभी राहिली.

“परत लाव ते,” तो मृण्मयीला म्हणाला.

तिनं लावलं. त्यानं ऐकलं. मग आणखी एकदा लावायला सांगितलं. खालची माहितीही त्यानं तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली.

“हे खोडता येत न्हाई, व्हय?”

“नाही, काका. खाली नवी नोंद करता येते. पण जुनी तशीच राहते, सगळ्यांना दिसते.”

कोंडिबानं हातातल्या दोरीचा पीळ उलगडला, पुन्हा घातला.

“दिसू दे. बापानं काय केलं ते बी दिसू दे लोकास्नी.” त्यानं फोनकडं बोट केलं. “खाली लिव्ह. मुलगी एक. शुभांगी.”

मृण्मयीनं नाव लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि बटण दाबलं. कोंडिबा काही जागचा हलेना.

“किती वाजलं?” त्यानं विचारलं.

“पाचला दहा कमी आहेत.”

“मंग तिला अजून दिसाया...”

“जरा दम धरा,” सगुणाबाई म्हणाली.