नामदारांचं गूळपाणी

नामदार हंबीररावांनी भाषण मध्येच थांबवून दुसऱ्यांदा पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेव्हा बादशहा पिंजाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पितोय बघ कसा गटागटा," तो पुटपुटला. शेजारी त्याच्याच गावची म्हातारी चिमणाबाई बसली होती. तिनं मांडीजवळची कळशी जरा आत ओढून घेतली.

परदेशात पाण्याच्या प्रश्नावर मोठी जागतिक परिषद झाली होती. देशातर्फे गेलेल्या मंडळींत हंबीरराव होते, म्हणून कोल्हापुरातल्या या तालमीनं पटांगणात मांडव घालून त्यांचा सत्कार ठेवला होता. फेटा बांधून झाला, हार झाले, आणि तास उलटून गेला तरी परिषदेचा वृत्तांत काही आटोपत नव्हता. कुठला मंत्री काय म्हणाला, जेवणात काय काय होतं, सगळं आलं. स्वच्छ पाणी हा साऱ्या मानवजातीचा सामाईक प्रश्न आहे, असं त्यांनी तिथं ठणकावलं होतं म्हणे.

"वरच्या देशानं घाण सोडायची आणि खालच्या देशानं ती प्यायची, हे चालणार नाही, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं," हंबीरराव गरजले. टाळ्यांनी मांडव दणाणला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मग तळवाडीचं काय? कुरुंदवाडच्या अलीकडचं ते नदीकाठचं गाव. वरच्या अंगाच्या कारखान्याची मळी नदीत सुटायची, पाणी काळं पडायचं, मासे उलटे तरंगायचे आणि तेच पाणी गावाच्या घागरीत यायचं. गेल्या उन्हाळ्यात कावीळ आली आणि बादशहाची तरणीताठी लेक नजीरा त्यात गेली. तेव्हापासून गाव पाणी उकळून पीत होतं. नळासाठी अर्ज झाले, मोर्चा झाला. त्यावर याच हंबीररावांनी विधानसभेत उभं राहून सांगितलं, की तळवाडीचं पाणी पिण्याजोगं आहे, नळयोजनेची गरज नाही.

आज सकाळी चिमणाबाई कळशी घेऊन एसटीत चढली. तोंडाला फडकं बांधलेलं, वर तांब्या पालथा घातलेला. हे कशाला, म्हणून बादशहानं विचारलं.

"एवढ्या लांबनं आलाय मानूस. गूळपानी द्यायला नगो व्हय?"

बादशहा काय समजायचं ते समजला आणि मनातून सुखावला. पिऊ दे त्यालाबी एकदा, कळू दे. कोल्हापुरात उतरल्यावर म्हातारी कळशी एका हातात लटकवून त्याच्या पुढं तरातरा चालत होती, एवढा तिला चेव आला होता. तालमीच्या दारात पाय धुऊन येते म्हणाली, तसा तो जागा धरायला आत गेला.

भाषण संपलं. चिमणाबाई कळशी कमरेवर घेऊन उठली. पांढऱ्या केसांची, डोक्यावर पदर घेतलेली बाई, तिला कोण अडवणार? तिनं हंबीररावांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. फोटोवाल्याकडं बघत त्यांनी तो हसून तोंडात टाकला. तिनं तांब्या भरून पुढं केला.

"कुठल्या गावच्या, आजी?"

"तळवाडीची."

हंबीररावांचा हात तांब्यापाशी पोचला होता, तो तिथंच थांबला. तोंडातला गूळही थांबला. डॉक्टरांनी बाहेरचं पाणी वर्ज्य केलंय, असं काहीतरी ते बोलले. तिनं तांब्या मागं घेतला नाही.

"तळवाडीचं पानी चांगलं हाय, असं तुमीच सांगितलंसा की. घोटभर घ्या."

मांडवातल्या माना उंचावल्या. फेट्याखालून घामाचा ओघळ गालावर आला, पण हात काही पुढं होईना. मागून कुणीतरी म्हणालं, प्या की सायेब. मग दुसरा म्हणाला, आणि बघता बघता सगळा मांडव तेच म्हणू लागला. पुढच्या रांगेतले वार्ताहर भराभरा लिहून घेत होते. अखेर हंबीररावांनी माईक ओढला आणि तळवाडीची नळयोजना याच वर्षी पुरी करू, असं जाहीर करून टाकलं. पाण्याला मात्र त्यांनी बोट लावलं नाही.

परतीच्या एसटीत बादशहा खिडकीकडं तोंड करून बसला होता. नळ येणार याचा आनंद होता, पण नजीरा असताना का आला नाही, या विचारानं जीव जळत होता. नुसत्या नावानं हात आखडला, म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो खोटं बोलला होता.

त्यानं वळून बघितलं, तर चिमणाबाई कळशीतलं पाणी तांब्यात ओतून तोंडाला लावत होती. त्यानं झटकन तिचं मनगट धरलं.

"आक्का, तसंच पितीस व्हय? उकळल्यालं न्हाय ते."

चिमणाबाईनं हात सोडवून घेतला, पोटभर पाणी प्याली आणि उरलेला तांब्या त्याच्यापुढं धरला.

"पी. तालमीच्या दारातल्या नळाचं हाय. आपल्या नदीचं पानी पावण्याला कसं द्यायचं, बादशा?"