गर्दी नसलेला सप्टेंबर

“बाबा, यंदा सप्टेंबरमध्ये याच. थीम पार्कला तेव्हा गर्दी नसते,” फ्लोरिडाहून मुलानं फोन केला.

बायकोनं थालीपिठाची भाजणी दळून आणली. पार्कात दिवसभर चालता यावं म्हणून साडीवर स्पोर्ट्स शूज घालून सोसायटीला फेऱ्या मारू लागली. गेली दोन वर्षं हेच चाललंय. दोन्ही वेळा तिकडे चक्रीवादळ आलं, पार्क बंद झालं, आमचं जाणं रद्द झालं. भाजणी शेजाऱ्यांत वाटली.

काल पुन्हा फोन आला तेव्हा मी चिडलोच. “वादळांच्या दिवसांतच का बोलावतोस रे? एप्रिलमध्ये येतो आम्ही.”

“एप्रिलमध्ये माझे सासू-सासरे असतात ना, बाबा.”

फोन स्पीकरवर होता. ही बुटांच्या लेस बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “सप्टेंबर चालेल म्हणावं. भाजणी दळून झालीये.”