दहा पावलं

हाटकेशहून रिक्षाने केमोसाठी आलेले पंचाहत्तरीचे काशीनाथ डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगताच खुर्चीला हात न लावता उठले. दारापर्यंत ताठ चालत जाऊन परत आले.

"घरी थकवा वाटतो का, काका?"

"छे! माझं सगळं मीच करतो."

डॉक्टर खूश झाले. "मस्त! अशक्त पेशंटला आम्ही डोस कमी करतो. तुम्हाला पूर्ण देऊ या."

काशीनाथांनी ऐटीत बायकोकडे पाहिलं. पन्नास वर्षांत अंबिकाबाईंनी परक्यासमोर नवऱ्याचा शब्द कधी खोडला नव्हता.

"डॉक्टर," त्या खाली बघत म्हणाल्या, "आज यांना अंघोळ मी घातली. इथे एवढं चालता यावं म्हणून दोन दिवस पलंगावरून उठले नाहीत हे."